पायाळू फॉरवर्ड

लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा नवऱ्याची नोकरी काय, हे मला माहेरी नीट सांगताच येईना. कागदावर हे खलाशी, म्हणजे कारखान्यातले हरकामे मजूर होते. पण हातोडा कधी उचलायचा नाही. सकाळी मैदान, संध्याकाळी मैदान, आणि पगार मात्र पोलाद कारखान्याचा. नागपूरच्या एका क्लबात खेळताना कुण्या साहेबानं ह्यांना हेरलं आणि इकडे परमुलखात आणलं. भट्ट्या तेव्हा उभ्या राहत होत्या. जिकडेतिकडे लाल धूळ, आणि त्या धुळीत केरळातून, बंगालातून, हैदराबादेतून असेच उचलून आणलेले खेळाडू. माझे वडील रेल्वेत गार्ड. ते म्हणाले, "चेंडूले लाथा माराची नोकरी किती दिवस टिकन वं?" मला मात्र खेळण्याची नोकरी असलेला नवरा भारी वाटायचा. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू.

हे जन्मले पायाळू, म्हणजे डोक्याआधी पाय बाहेर. पायाळूचा पाय लागला की पाठीतली लचक जाते, असं आमच्याकडे मानतात. आणि बांधकामावर लचकलेल्या पाठींना काय तोटा! रविवारी सकाळी आमच्या क्वार्टरपुढे उतई, रुआबांधा अशा जवळच्या गावांचे मजूर कंबर धरून उभे असत. हे हसत हसत एकेकाच्या पाठीला डावा पाय लावत. एकदा तर दुभाष्याला घेऊन कारखाना उभारणाऱ्यांतला एक रशियन इंजिनीयर आला. साहेब बरा झाला की नाही, ते दुभाष्यानं काही कळवलं नाही.

पण त्याच समजुतीची दुसरी बाजूही होती. पायाळूला वीज शोधत येते म्हणतात. तुमसरकडच्या गावाहून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि ही बाजू घरात आली. आभाळात जरा गुरगुरलं की त्या ह्यांना आतल्या खोलीत बसवत, दार लावत आणि स्वतः उंबरठ्यावर ठाण मांडत. हे हसून सोडून देत. माझं डोकं फिरायचं. फुटबॉल हा पावसाळ्यातला खेळ. आभाळ बघून खेळायचं म्हटलं तर वर्षभर मांडी घालून बसावं लागेल. पूर्वी हे नागपुरात खेळत आणि माय गावी, म्हणून निभावलं. इथं मैदान आमच्या अंगणातून दिसायचं.

त्या पावसाळ्यात रेल्वेवाल्यांशी मॅच होती. कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबचा माणूस खास दोन खेळाडू बघायला आला होता. एक आमचा केरळचा पोरगा, दुसरे हे. कलकत्ता म्हणजे फुटबॉलवाल्यांची काशी. आदल्या दिवशी हे मला म्हणाले, "जमलं तं आपन कलकत्त्याले राहू. तुले बंगाली शिका लागन." मी लगेच शेजारच्या बंगाली बाईकडून चार वाक्यं शिकून घेतली. इतकी मी हुरळले होते.

उत्तरार्ध निम्मा सरला, गोल कुणाचाच नव्हता. हे असे खेळत होते की रशियन साहेब खुर्च्यांवरून उठून ओरडत होते. मग रुआबांध्याच्या अंगानं आभाळ काळं झालं आणि लांब कुठेतरी कडाडलं. रेफरीनं वर पाहिलं आणि खेळ चालू ठेवला.

तेवढ्यात मला सासूबाई दिसल्या. लुगड्याचा काष्टा, अनवाणी, चिखल तुडवत त्या सरळ मैदानात शिरल्या. रेफरी शिट्टी वाजवतोय, लोक हसताहेत, त्यांना कशाचं भान नाही. त्यांनी ह्यांचं मनगट धरलं.

"चाल घरी. ईज तुलेच हुडकून राहिली, बापू."

"माय, थोडाच टाइम राहिला. तू जाय."

"मी नाही जात. पडन तं दोघाईवर पडन."

मैदानाच्या कडेला बायकांत बसलेली मी उभी राहून ओरडले, "जाऊ नका हो!" चार बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कलकत्त्याच्या माणसाकडेही नाही. आईनं धरलेला हात सोडवून घेणं ह्यांच्यासारख्याला काहीच कठीण नव्हतं. हे मान खाली घालून तिच्यामागं निघाले.

वीज पडली नाही. पाऊससुद्धा धड पडला नाही. कलकत्त्याच्या माणसानं केरळच्या पोराला नेलं.

मग पुढं काय, कारखान्यात पोरं ह्यांना 'माँ का लाल' म्हणून चिडवायची. दोन-तीन हंगाम हे खेळले, पण पहिल्यासारखे नाही. नव्या पोरांची भरती झाली, तसे कागदावरचे खलाशी खरोखरचे खलाशी झाले आणि रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जाऊ लागले. ह्यांनी तक्रार कधी केली नाही. ती मीच करत राहिले, मनातल्या मनात, आणि तो दिवस मला अजून जाळतो.

सासूबाई पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. दरवर्षी पावसाळ्यात शेजारणींना गोळा करून सांगायच्या, "माह्या लेकाले मीच ओढून आनलं, नाही तं गेला असता." हे शेजारी बसून मान डोलवायचे. "हो माय," म्हणायचे.

एकदा त्या आत गेल्यावर मी फाटकन म्हणाले, "तुम्ही कावून 'हो माय' म्हणता? वीज पडलीच नाही. तिनं काही वाचवलं नाही तुम्हाले."

ह्यांनी डावा पाय पुढं घेऊन त्यावरून हात फिरवला.

"तिनं वाचवलं, असंच राहू दे," हे म्हणाले. "नाही तं मंग मी मैदान सोडून कायच्यासाठी आलो?"