चुकलेली जोड

पुराचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा आबा मोबाईलवर बॉक्सिंग बघत होते. मी म्हणालो, "आबा, मोटारसायकलच्या सीटला पाणी लागलंय." ते म्हणाले, "थांब जरा, हे जनावर आता पडतंय बघ." जनावर म्हणजे परदेशातला कुणी सव्वाशे किलोचा हेवीवेट. आणि आबा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या घरात, वजन शंभराच्या वर आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

आम्ही नदीकडच्या एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. बायको आणि मुलगी आदल्याच दिवशी पेठ वडगावला, बायकोच्या माहेरी गेल्या होत्या. आबा हलले नाहीत. "मागच्या टायमाला तिसऱ्या पायरीला टेकून माघारी गेलं की पाणी," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. त्यांना एकटं टाकून जाता येत नव्हतं, म्हणून मी राहिलो. प्रेमानं राहिलो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी दातओठ खात राहिलो.

त्या रागाचं मूळ सांगायचं तर आबांचं काम सांगावं लागेल. तरुणपणी ते पैलवान होते, पण त्यांचं नाव झालं ते जोड लावण्यात. आमच्याकडं गावोगावच्या जत्रांत कुस्तीचं मैदान भरतं. कुणाची कुस्ती कुणाशी, हे पुष्कळदा तिथंच, उभ्या उभ्या ठरतं. वजनकाटा नसतो. एखादा जाणता माणूस दोन पैलवानांची मनगटं धरतो, एकाच्या मानेवर थाप मारतो, दुसऱ्याच्या पोटऱ्या बघतो आणि दोघांचे हात एकमेकांत देतो. झाली जोड. आबांनी लावलेली जोड म्हणजे कुस्ती काटाजोड, अगदी बरोबरीची होणार, असं मुरगूडपासून कर्नाटकच्या सीमेपर्यंत लोक मानायचे. आबा आले नाहीत म्हणून कुस्त्या तासभर थांबवून ठेवलेली मैदानं मी पाहिली आहेत.

माझी जोडही त्यांनीच लावली. मी एकोणीस वर्षांचा होतो. मुरगूडच्या पलीकडच्या एका गावची जत्रा. समोर कर्नाटकातून आलेला पैलवान, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा आणि नुसत्या डोळ्यांनी दिसावा इतका जड. आबांनी माझं मनगट धरलं, त्याचं धरलं आणि हातात हात दिला. कडेला बसलेलं कुणीतरी ओरडलंसुद्धा, "आबा, पोरगं हलकं पडतंय!" आबा म्हणाले, "जोड झाली." तिसऱ्या मिनिटाला माझा उजवा गुडघा त्याच्या अंगाखाली सापडला. त्याचा आवाज हलगी वाजत असतानाही मला ऐकू आला. मला दोघांनी उचलून जीपमध्ये घातलं. आबा जीपपर्यंत आले नाहीत. त्यांनी पुढच्या दोघांची मनगटं धरली होती.

माझी कुस्ती त्या दिवशी संपली. गुडघा कधीच सरळ झाला नाही. आज मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो. ट्रक भरलेला किती, रिकामा किती, ते लिहितो. आबा त्यावरूनही मला टोचतात, "त्या काट्याला वजन कळतंय. ताकद कुठं हाय ते कुठं कळतंय?" तीस वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, गुडघा कसा आहे म्हणून. 'चुकलं' हा शब्द तर दूरच. मला तेवढा एकच शब्द हवा होता. या वयात बापाकडून आणखी काय मागणार?

बॉक्सिंगचा नाद माझ्या मुलीनं लावला. कुस्तीचे व्हिडिओ लावले की आबा स्क्रीनशी भांडायचे. प्रत्येक पैलवान त्यांच्या ओळखीचा, नाहीतर त्याचा वस्ताद ओळखीचा. मग तिनं जगातल्या हेवीवेट लढती लावून दिल्या. यातलं कुणीच आबांच्या ओळखीचं नव्हतं, त्यामुळं ते मोकळे झाले. नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. काळ्या-पांढऱ्या चित्रातला एक 'मास्तर', मधल्या काळातला एक 'रेडा', आजकालचा साडेसहा फुटी तो 'खांब'. आणि वर्षभर त्यांचा एकच उद्योग. मास्तरची जोड खांबाशी लावली तर? रेडा चाळीस वर्षं उशिरा जन्मला असता तर?

कॉलनीतली म्हातारी मंडळी संध्याकाळी यायची आणि ठरलेलं बोलायची. जुनी माणसं ती जुनीच. पंधरा-पंधरा फेऱ्या खेळायची, आता बारा फेऱ्यांतच दम लागतो. आबा त्यांचं ऐकून घ्यायचे आणि मग सगळ्यांना गप्प करायचे. "पंधरा फेऱ्या कशाला? हा खांब तुमच्या मास्तरला चौथीत आडवा करंल. माझा जीव मास्तरवर हाय, पण पोटऱ्या बघा की दोघांच्या." स्वतःच्या जमान्यालाही ते सोडायचे नाहीत. ज्या पैलवानाचा फोटो आमच्या घरात देवाशेजारी होता, त्याच्याबद्दल म्हणायचे, आजच्या पोरापुढं दहा मिनिटं टिकला असता, जास्त न्हाय. लोक हिरमुसून घरी जायचे. मला मात्र ते ऐकून आत कुठंतरी जळायचं. ज्याच्या डोळ्याला स्वतःचं दैवतही फसवू शकत नाही, त्याला त्या दिवशी समोरच्या पैलवानाचं वजन दिसलं नसेल? दिसलंच असणार. मी मनाशी पक्कं केलं होतं की, पोराला सोपी जोड दिली असं लोकांनी म्हणू नये म्हणून या माणसानं मला बळी दिलं.

दुसऱ्या दिवशी खालचा मजला पाण्यात गेला. वीज गेली, नळ गेला. बादलीभर पाणी, बिस्किटं, थोडे पोहे आणि एक पॉवर बँक, एवढ्यावर आम्ही दोघं. दुपारी एक बोट आली. बोटीतल्या माणसानं जिन्यावरून वर येऊन आबांना एकदा पाहिलं आणि म्हणाला, "पावणं, यांना उचलायला माणसं लागतील. उद्या घेऊन येतो." तो गेल्यावर मी खिडकीत उभा राहिलो. चारी बाजूंना गढूळ पाणी, आत दोन खोल्या आणि पलंगावर आबा. माझा गुडघा धड असता तर मी त्यांना पाठुंगळीवर घेऊन उतरलो असतो. त्यांनी माझा पाय अधू केला आणि त्याच पायामुळं आता दोघंही अडकलो, हे मनात आलं आणि मला हसू आलं. ते हसू चांगलं नव्हतं.

ते मात्र मजेत होते. मुलीनं जाण्याआधी मोबाईलमध्ये लढती भरून दिल्या होत्या. मी त्यांना भांड्यात लघवी करायला धरून बसवायचं, ते टाकून यायचं, पाठ चोळायची, आणि वर ऐकायचं, रेड्याची मान बघ, मास्तरचे घोटे बघ. खोलीला कुबट वास मारत होता. मी दार उघडायचो, पाण्यात बुडालेला जिना बघायचो आणि पुन्हा लावायचो. असं किती वेळा केलं कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाईल शेवटच्या घटका मोजत होता. आबा म्हणाले, "रेडा आणि खांब. सांग, कुणाची होईल?"

मी म्हणालो, "मला काय विचारता? तुमचा डोळा कधी चुकत नाही."

"न्हायच चुकत."

मग माझा तोल गेला. शेजारीपाजारी कुणी नव्हतंच, मी घसा फाडून ओरडलो. "मग माझ्या टायमाला कुठं गेलता डोळा? सगळं मैदान बघत होतं, तुम्हालाच दिसलं नाही? लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून पोटच्या पोराला घातलंत ना त्याच्या पुढ्यात? कबूल करा की एकदा!"

आबांनी मोबाईल छातीवर पालथा ठेवला. बाहेर पाण्यावरून एक सिलेंडर तरंगत गेला, तो दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले.

"लोकांचं काय न्हवतं रं त्यात," ते म्हणाले. "त्याला बघितला की मी. मान बघितली, पोटऱ्या बघितल्या. जड हाय हे कळलं. तुला न्हाय बघितलं."

"म्हणजे?"

"बघायची गरजच वाटली न्हाय. माझं पोरगं. मला वाटलं, खातंय त्याला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "दुसऱ्याचं पोरगं असतं तर मनगट धरल्याबरोबर सोडून दिलं असतं. तुझं मनगट नुसतं धरलं. बघितलंच न्हाय."

मी पलंगाच्या कडेला बसलो. तीस वर्षं मी एका कपटी, नावाला जपणाऱ्या माणसाशी भांडत होतो, आणि तो माणूस कधी नव्हताच. समोर होता तो एक बाप, ज्याला आपलं हलकं पोरगं जगातलं सगळ्यात जड वाटलं होतं. याच्यावर कसं चिडायचं ते मला कळेना. राग होता तेव्हा धरायला काहीतरी होतं. आता रडूही येईना. मी उठून उरलेली बिस्किटं त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

चारच्या सुमाराला बोट आली. कालचा जाडजूड माणूस आणि त्याच्याबरोबर आणखी एक, उंच पण काटकुळा. त्यांनी माझ्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, आबांना तिच्यात बसवलं आणि चादरीनं बांधलं. आबांनी अशाही अवस्थेत दोघांच्या पोटऱ्या बघून घेतल्या. "जाडजूड गडी खाली राहू दे. वजन त्याच्याकडंच येणार हाय," त्यांनी हुकूम सोडला. दोघांना ते पटलं. तरी वरच्या अंगाला काटकुळा एकटा कमी पडत होता. तो मला म्हणाला, "पावणं, एका बाजूनं पाठ धरा की."

मी पुढं झालो. तेवढ्यात आबा खुर्चीतून बोलले, "त्याला नगा लावू. गुडघा न्हाय त्याचा. माझ्यापायी गेलाय."

दोन्ही माणसं माझ्या पायाकडं बघायला लागली. मी म्हणालो, "गप बसा आबा," आणि खुर्चीची पाठ धरली.

एकेक पायरी उतरताना गुडघ्यात कळ यायची ती थेट कमरेपर्यंत जायची. आबांचं डोकं माझ्या छातीला लागत होतं. तीन दिवसांचा घामट वास येत होता. मधल्या वळणावर सगळ्यांनी खुर्ची टेकवली. तिथून खाली पाचव्या पायरीवर पाणी हेलकावत होतं. आबांनी मान मागं टाकून, खालून वर माझ्याकडं पाहिलं. मैदानात पैलवानाला न्याहाळायचे तसं, मनगटापासून मानेपर्यंत, सगळं.

"दुखतंय काय रं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "दुखतंय."