रिकाम्या हातांचा पोळा

बारकूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिंदला आमच्या सोसायटीखाली स्कूटरला किक मारत होतो. धसईहून मामेभाऊ बोलत होता. सकाळचा चहा घेतला, ओट्यावर बसला आणि बसल्या जागी गेला... इतकंच. मी स्कूटर परत स्टँडवर लावली. आदल्याच रविवारी आम्ही भेटलो होतो. धसईच्या एसटीत बसल्यावर खिडकीतून त्याने मला दोन्ही रिकामे तळवे दाखवले होते. निरोप घ्यायची त्याची ती रीत होती, आणि ती तो एका घोडीपायी शिकला होता.

मामाचं सांगायचं तर बैलांपासून सुरुवात करावी लागते. जन्मभर त्याच्या दावणीला बैल होते. मामी गेली, पाठोपाठ गुडघ्यांनी दगा दिला आणि शेवटची जोडी विकावी लागली. त्यानंतर मामा बोलायचाच थांबला. भांडण नाही, रडणं नाही. ताट पुढे आलं की दोन घास खायचा आणि रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून बसायचा. "हा असाच बसून जाईल रे," असं आई, म्हणजे त्याची बहीण, म्हणायची. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्या सुमारास मी दर रविवारी मुरबाडजवळच्या एका घोड्यांच्या आश्रमात कामाला जायचो. फुकट. वरातीतली, टांग्याची, डोंगरावर पर्यटक वाहून थकलेली घोडी तिथे सांभाळतात. घरी स्वतःच्या चादरीची घडी न करणारा नवरा तिथे जाऊन लीद उचलतो, हे माझ्या बायकोच्या पचनी अजून पडलेलं नाही. पण कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून भणभणणारं माझं डोकं तिथे शांत व्हायचं, म्हणून मामालाही घेऊन गेलो. पहिला दिवस तो कट्ट्यावर बसून राहिला. दुसऱ्या रविवारी उठला आणि माझ्या हातातला खरारा काढून घेतला. "असा नाय. केसाच्या वाटंनी फिरव," म्हणाला. कित्येक महिन्यांनी मी त्याच्या तोंडून धड वाक्य ऐकत होतो.

मी खरारा करत होतो ती घोडी पांढरी, वरातीत नाचलेली. एक गुडघा कायमचा सुजलेला. कागदावर तिचं नाव चांदनी, मामा तिला बाय म्हणायचा. पुढेपुढे तो आठवड्यातून तीनदा एसटीने एकटाच यायला लागला. घरी भाकरी मागून खायला लागला, सुनेच्या भाजीला नावंसुद्धा ठेवायला लागला. आम्हाला त्या तक्रारीचाही आनंद होता.

मग पोळा आला. मामा पिशवी घेऊन हजर. विकलेल्या जोडीची जपून ठेवलेली घुंगुरमाळ, गोंडे, झूल, सगळं त्यात. "शिंगा नायत गो तुला, रंगवू काय?" अशी तिची थट्टा करत त्याने झूल घातली. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. माळ गळ्यात पडली आणि घोडी थरथरायला लागली. मान ताठ करून त्या सुजलेल्या पायानिशी ती नाचू लागली. ना बँड, ना नवरदेव. घुंगरं वाजतील तसे पाय उचलत राहिली, घामाने भिजली तरी थांबेना. आश्रम चालवणाऱ्या वैशालीताईंनी धावत येऊन माळ तोडली, तेव्हा कुठे थांबली. आणि मी चारचौघांत मामावर ओरडलो. "ती बैल आहे का, मामा? काही कळतं का तुला?"

मामाने विखुरलेली घुंगरं एकेक करून उचलली. "तिला वाटला, परत वरातीला जुंपली. मीच जुंपली," एवढंच म्हणाला आणि एसटीकडे चालायला लागला. तीन आठवडे तो आला नाही. पुन्हा गोठ्याकडे तोंड करून बसतो, असं आईने सांगितलं. मी फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. त्याला मी बरं करायला नेलं होतं आणि मीच परत त्या ओट्यावर बसवलं होतं.

चौथ्या रविवारी तो आपणहून आला. पिशवी नाही, काही नाही. घोडीपासून दहा पावलांवर थांबला आणि दोन्ही तळवे तिच्यापुढे पसरले. "काय नाय आनला, बाय. बघ." ती बघत राहिली. हाही उभाच. ऊन अंगावर आलं तरी दोघं जागची हलली नाहीत. शेवटी तीच पुढे आली आणि तिने नाक त्याच्या तळव्यात घातलं. मामी गेली तेव्हा न रडलेला माणूस त्या दिवशी रडला. नंतर खरारा करता करता मला म्हणाला, "सजवतो ती आपली हौस रे. बैलाला काय त्याचा? त्या दिशी मानंवर जू नाय, तोच त्याचा पोळा."

तेव्हापासून दर पोळ्याला तो घोडीच्या तोंडावरची मोरकी काढून खिळ्याला टांगायचा आणि दिवसभर तिला गवतात मोकळी सोडायचा. खिळा त्यानेच ठोकलेला. कमरेत वाकलेला माणूस, त्यामुळे खिळाही बराच खाली.

माझं माफी मागायचं मात्र राहिलंच. दर रविवारी भेटत होतो, घाई कसली?

यंदाच्या पोळ्याला मामा जाऊन महिना झाला होता. मी दहा पावलांवर थांबून हात पसरले. "काय नाय आनला, बाय," तोंडातून निघालं. एरवी मी असं बोलत नाही, गाव सोडून वाशिंदला येऊन वर्षं झाली. तिने कान टवकारले, माझ्यामागे फाटकाकडे पाहिलं... मग सावकाश पुढे येऊन नाक माझ्या तळव्यात ठेवलं. "त्या दिवशी मी ओरडायला नको होतं," मी म्हणालो. मोरकी उतरवली. ती गवताकडे निघून गेली.

मोरकी टांगायला मला चांगलंच वाकावं लागलं.