एक औट औट

पायविहिरीच्या तळाशी उभं राहून म्हटलेला पाढा वर येईपर्यंत पाढा राहत नाही. ओला दगड त्यातले आकडे शोषून घेतो आणि नुसता सूर परत करतो. सरांचा आवाज मला आठवतो तो असाच, खालून वर येणारा. शेवाळाचा गारवा आणि पारव्यांच्या विष्ठेचा उग्र, खारट वास अंगावर घेऊन आलेला. पँटचे पाय दुमडून ते शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे राहत आणि लांबवलेल्या सुरात म्हणत, “एक औट औट.” मग मुद्दाम थांबत. विहीर म्हणे, औट... औट... काठावर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत बसलेल्या मला ते खालून सांगत, “पाहा मॅडम, यालेबी पाठ हाय.” आणि पुढे जात, “बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चवदा...”

औट म्हणजे साडेतीन. ज्यांच्या घरी जुन्या शाळेत शिकलेलं कुणी माणूस होतं त्यांनी पावकी, निमकी, दिडकी ऐकलेली असेल. औटकी त्याच घराण्यातली, साडेतीनचा पाढा. सर अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सर्वेक्षण शिकवत. मी अकोल्यात मराठी शिकवते. एका दुपारी ते आमच्या विभागात आले, खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, “तुमी कविता करता म्हणे. मले टेप हाय, दुर्बीण हाय, कान नाई. कान पायजे.” औट हा शब्द कुठून आला, एवढंच त्यांना हवं होतं. मी सांगितलं की ‘अर्धचतुर्थ’ हा जुना शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून झिजला आणि त्याचा औट झाला. चौथं जिथं अर्धं आहे ते. सरांचा चेहरा उजळला. “म्हंजे तीन मागं टाकले, आन चौथ्याच्या अर्ध्या रस्त्यात माणूस उभा हाय,” ते म्हणाले. “हे त तुमच्या कवितेचंच काम झालं.” त्या दिवसापासून पुढची काही वर्षं माझ्या सुट्ट्या विहिरींच्या काठावर गेल्या.

त्यांचं टोपणनाव मुलांनी ठेवलं होतं, आणि त्यामागची हकिकत सर स्वतःच रंगवून सांगत. नव्या वर्गाचा पहिला तास. त्यांनी फळ्यावर तीन आणि त्यापुढे अर्धा लिहिला आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, “हे काय?” मुलगा म्हणाला, “थ्री पॉइंट फाइव्ह.” “मराठीत सांग.” “साडेतीन, सर.” “आनखीन एक नाव हाय याचं.” सरांनी त्याच्याकडे खडू रोखला आणि आपणच उत्तर सांगितलं, “औट.” मुलानं निमूट बॅग उचलली आणि तो वर्गाबाहेर गेला. सर त्याच्यामागं व्हरांड्यात धावले. “अरे बापू, तुले नाई म्हटलं बे, आकड्याले म्हटलं.” तेव्हापासून ते औट सर. नाव चिकटलं याचा त्यांना अभिमानच होता. “एका तरी वर्गाले ह्यो शब्द जलमभर ध्यानात राहीन,” ते म्हणत.

‘अपूर्णांक’ या शब्दाचा त्यांना मनापासून राग होता. “जेले सोताचं नाव हाय ते अपूर्ण कसं?” हे त्यांचं आवडतं वाक्य. साडेतीन म्हटलं की मन तीन मोजतं आणि वर अर्धा ठेवतं. औट म्हटलं की एकदम एक वस्तू उचलली जाते, असं त्यांचं म्हणणं. ज्यांनी ही संख्या तोंडानं शिकली त्यांच्या मनात ती मोडलेली नव्हतीच, ती अखंड होती. आणि आमच्या भागातल्या पायविहिरींचे टप्पे त्याच अखंडानं मोजून बांधले आहेत. त्यांना जे पुस्तक लिहायचं होतं ते एवढंच होतं.

विहीर मोजताना मीटरची टेप ते नावापुरती लावत. खरं माप घेत ते दोऱ्यानं. औट हात देह, असं आपण म्हणतोच. आपापल्या हातानं मोजलं तर माणूस डोक्यापासून पायापर्यंत औट हातच भरतो. सरांचा तर्क असा की बांधणाऱ्यानं एकेक टप्पा आपल्या उभ्या देहाएवढा खोल ठेवला. त्यामुळे बार्शीटाकळीकडच्या विहिरीचा हात हिवरखेडकडच्या विहिरीला लागू पडत नसे, आणि सर त्यावर बेहद्द खूष असत. “हात बदलते मॅडम, औट नाई बदलत.” भेटेल त्याला ते दोरा देत; कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोज म्हणत, मग भिंतीला उभं करत. मलाही दिला होता. कच्च्या सुताचा, हळदीनं पिवळा केलेला, बोटांना किंचित रखरखीत लागणारा. मी औट हातांहून बोटभर जास्त भरले. सरांनी माझ्या पायांकडे पाहिलं. “चप्पल काढा,” ते म्हणाले.

हे सगळं घेऊन आम्ही एका संशोधन समितीपुढं गेलो तेव्हा समितीला प्रश्न पडला की हा विषय नेमका कुणाचा. अभियांत्रिकीचे तज्ज्ञ म्हणाले, हा इतिहास आहे. इतिहासाचे म्हणाले, हे तर लोकसंस्कृतीचं. गणिताच्या बाईंनी सौम्यपणे सांगितलं की यात गणित सिद्ध करण्यासारखं काही नाही. परतताना मूर्तिजापूरला आम्ही चहाला थांबलो. कपातली वाफ विरेपर्यंत सर बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, “अभियांत्रिकी, इतिहास, संस्कृती. तीन खाते पुरे. आन तत्त्वज्ञान अर्दं, कारन मले ते अर्दंच समजते. किती झाले?” मी उत्तर द्यायचं नव्हतं, त्यांना ते स्वतःच म्हणायचं होतं. पण ते म्हणाले नाहीत. नुसते हसले आणि थंड झालेला चहा प्याले.

समितीत फक्त तत्त्वज्ञानाच्या एका वयस्क प्राध्यापकांनी खरा प्रश्न विचारला होता. ते म्हणाले होते, “पाढा म्हणता येणं म्हणजे संख्या कळणं नव्हे. पोपटसुद्धा म्हणेल. औट ज्याच्यासाठी सूर नसून अर्थ आहे, असा एक माणूस दाखवा.” सरांना त्याचा राग आला नाही. “हाच सवाल मले पायजे होता,” ते म्हणाले. आणि तो एक माणूस शोधणं हे त्यानंतर आमचं एकमेव काम झालं.

हिवरखेडला अशा एक आजी भेटल्या. भाजीमळा असलेलं घर. अंगणात बसून त्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या आणि सारं अंगण त्या ओल्या हिरव्या वासानं भरलं होतं. भाऊ ओसरीवर घोकत असताना ऐकून ऐकून त्यांना पाढे पाठ झाले होते. हात न थांबवता त्यांनी औटकी पूर्ण म्हटली. सरांनी पुढं सरून विचारलं, “आजी, औट म्हंजे किती वं?”

“औट म्हंजे औट.”

“पन किती?”

“आता काय सांगू बाप्पा तुमाले. मास्तर हायत न तुमी? एवढंबी नाई माईत?” आणि सुनेकडं वळून त्या म्हणाल्या, “यायले च्या दे वं. उन्हातून आले, डोस्कं तापलं असन.”

परतीच्या वाटेवर सर लहान मुलासारखे खूष होते. “सापडलं. साखर म्हंजे काय असं तुमाले इचारलं त काय सांगसान? साखरच न? जेले पुरं माईत हाय तो असंच सांगते.” मी म्हटलं, “सर, ज्याला काहीच माहीत नाही तोही असंच सांगेल.” बाहेर संत्र्याच्या बागा मागं जात होत्या. त्या पाहतच सर म्हणाले, “हो. तेबी खरं हाय.” ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे अजून आहे. एका कानानं ऐकलं तर ते आमची साक्ष देतं, दुसऱ्या कानानं ऐकलं तर आमच्याविरुद्ध. मी आलटून पालटून दोन्ही कानांनी ऐकलं आहे.

मागच्या हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत काकूंचा, सरांच्या पत्नीचा, फोन आला. “सर बोलून नाई राहिले वं,” एवढंच त्या म्हणाल्या. लकवा उजव्या अंगावरून गेला होता आणि जाताना वाचा घेऊन गेला होता. मी अमरावतीला पोचले तेव्हा खोलीत मालिशच्या तेलाचा आणि उकडलेल्या मुगाचा वास होता. सर खिडकीशी बसले होते. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. त्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं. काकूंचं नाव घेता येत नव्हतं. क्वचित एखादा सुटा इंग्रजी शब्द निघे, ‘वॉटर’ किंवा ‘नो’, आणि तो ऐकून तेच दचकत. दमले की डावा हात लांब करत. काकूंनी मला शिकवलं, “असा हात केला की समजायचं, आता जा म्हणतात. राग नको मानू.”

काय बोलावं ते न सुचून मी सवयीनं म्हटलं, “एक औट...” आणि सरांनी तो सूर माझ्या तोंडातून उचलला. औट, बे औट सात, तीन औट साडेदहा; कुठंही न अडखळता, तोच चढ, तोच उतार, थेट दाहे औट पस्तीसपर्यंत. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या. मीही चार औट चवदापर्यंत आनंदात होते. मग मला पोपट आठवला. पाढा संपला आणि सरांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्यातून आत्ता हे काय वाहून गेलं, असं ते मला विचारत असावेत, किंवा मला तसं वाटलं. वाचा सुधारायला येणाऱ्या मुलीला मी बाहेर गाठून विचारलं, “म्हणताना त्यांना अर्थ कळत असेल का?” ती म्हणाली, “गाणी, पाढे, आरत्या मेंदूत वेगळीकडं असतात, मॅडम. ते टिकून राहतात. कळतं का, ते नाही सांगता येत.”

त्यानंतर घरी येणारा प्रत्येक जण ‘एक औट’ म्हणून सरांना चावी देऊ लागला. सर दरवेळी शेवटपर्यंत जात, त्यांना मध्येच थांबता येत नसे. मला ते पाहवत नसे आणि कुणाला थांबवताही येत नसे. काकूंना दिवसभरात नवऱ्याचा आवाज तेवढाच ऐकायला मिळत होता.

याच सुमारास तत्त्वज्ञानाच्या त्या प्राध्यापकांचा फोन आला. समितीचे नियम बदलले होते. अनेक शाखांत पसरलेला विषय आता चालणार होता, उलट हवाच होता. “काम पाठवा,” ते म्हणाले, “दोघांच्या नावानं. शेवटच्या प्रकरणात माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तेवढं असू द्या. सर काय म्हणतात ते विचारून लिहा.” सरांची प्रकृती मी त्यांना सांगितली. फोनमध्ये फक्त कुठल्याशा पंख्याची घरघर येत राहिली.

विचारायला म्हणून मी अमरावतीला गेले. दुपार होती. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. ज्वारीच्या पिठाचा भाजका, गोडसर वास खोलीपर्यंत येत होता. त्यांनी ताट आणून सर आणि मी यांच्यामधल्या स्टुलावर ठेवलं. अर्धी भाकर त्यांनी सरांसाठी मोडून दुधात घातली होती. ताटात उरल्या होत्या त्या तीन, आणि त्यांच्याशेजारी तिची उरलेली अर्धी.

मी ते ठरवून आले नव्हते. पण ताट समोर होतं, आणि सर ताटाकडे पाहत होते. मी सूर न लावता, पाढ्याची कुठलीही ओळ ओठांवर येऊ न देता, हळू विचारलं, “सर, किती?”

त्यांनी मान वर केली. कपाळावर ती जुनी आठी आली, दुर्बिणीतून पाहताना यायची ती. ती विचाराची होती की आपली परीक्षा घेतली जाते आहे याच्या अपमानाची, मला ओळखता आलं नाही. त्यांनी डावा हात लांब केला. त्या हातासमोर ताट होतं, ताटामागं मी होते आणि माझ्यामागं उघडं दार होतं. ओठ दोनदा जुळले आणि सुटले. मग ते बोलले. स्पष्ट, एकदाच, त्यात सूर नव्हता.

“औट.”