राखलेले दोन बांबू

शेषेरावांच्या विहिरीच्या बांधावर बांबूचं बेट आहे. औसा तालुक्यातल्या त्या गावात कुणी वारलं की माणसं कोयता घेऊन सरळ तिकडंच जातात. विचारायचं नाही, पैसा द्यायचा नाही. दोन सरळ बांबू तोडायचे आणि तिरडी बांधायची.

बेट लावलं तेव्हा गावातली शहाणी माणसं म्हणाली होती, "शेषेराव, बांबू लावू न्हाई. मरण येतं मागं." शेषेराव मुळातच तिरसट. म्हणाले, "आता आणखी काय यायचं ऱ्हायलंय?"

खरंच काय राहिलं होतं? त्र्याण्णवच्या भूकंपात घराचं मातीचं माळवद अंगावर आलं आणि त्यांची बायको सिंधू गेली. गावभर प्रेतं, वरून पाऊस. तिरडीला बांबू कुठून आणायचा? मोडक्या दारावर घालून तिला न्यावं लागलं. लेक सुदर्शन तेवढा वाचला, कारण तो लातूरला खोली करून बारावीचे क्लास करत होता. चालत, ट्रकला लटकत तो पोचला तेव्हा चिता विझत आली होती. बाप काही बोलला नाही, लेकानं काही विचारलं नाही. ते दार मात्र शेषेरावांच्या काळजात रुतून बसलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी कंद आणून लावले. आपल्या गावात पुन्हा कुणाला दारावरून जायला लागू नये, एवढंच त्या माणसाचं म्हणणं.

आमच्याकडं बांबू चुलीत घालत नाहीत. तिरडीचेसुद्धा मोडून बाजूला टाकतात. शेषेराव तर बेटातलं वाळकं कांडकंही पाणी तापवायच्या चुलीत जाऊ द्यायचे नाहीत. आणि नेमका तोच विषय घेऊन सुदर्शन आला.

तो आता लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. म्हणाला, "आबा, समद्या रानात बांबू लावू. कोळशाच्या धुरानं पाऊस बिघडला, म्हणून कारखाने त्याच्या जागी बांबू जाळायलेत. पाऊस मागंपुढं झाला तरी त्यो मरत न्हाई. तिकडं युरोपात बी गहू उन्हानं करपायलाय. तिथले शेतकरी बी जळणाची, धाग्याची पिकं घ्यायलेत."

"त्यांच्या गव्हाचं ते बघतील. आपण खायचं काय? आन माझ्या रानातला बांबू भट्टीत?"

झालं. दर रविवारी लेक यायचा, समजावायचा, आणि पालथ्या घड्यावर पाणी. त्या साली पावसानं जूनमध्ये दडी मारली आणि सोयाबीन काढायला आल्यावर झोडपलं. झाडावरच शेंगांना मोड फुटले. शेषेराव बांधावर उभे राहून बघत होते. हट्ट सुटत नव्हता, पण आतून माणूस हलला होता.

त्याच आठवड्यात शेजारच्या धुरपताबाई वारल्या. सुदर्शन गावातच होता. त्यानं स्वतः बेटातले बांबू तोडले, तिरडी बांधली आणि ओढ्याकाठच्या मसणवट्यापर्यंत खांदा बदलू दिला नाही. परत आल्यावर तो विहिरीवर बसला. शेषेराव जवळ गेले तर पोरगा रडत होता.

"आईला मी खांदा दिला न्हाई, आबा," तो म्हणाला. "तुम्ही कधी बोलला न्हाईत, पण मला ठावं हाय. आता तुमच्या मागं हे रान बी पडीक पडलं, तर मी गावाकडं कशाला यायचं? इथं काय तरी जगलं पाहिजे."

शेषेरावांना एवढी वर्षं वाटत होतं, ते दार आपल्या एकट्याच्याच काळजात आहे. लेकाकडं बघून त्यांना फार वाईट वाटलं.

"अर्ध्या रानात लाव," ते म्हणाले. "अर्धं ज्वारीला ऱ्हाऊ दे. आन कंद बाहेरून आणू नको. ह्याच बेटातले काढ."

"त्याचेच बांबू भट्टीत जातील, आबा."

शेषेरावांना हे पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. "जाऊ दे," ते म्हणाले. "कोळशानं पाऊस बिघडला म्हणतूस ना. मग तुझी आई रागावायची न्हाई."

मग ते बेटात शिरले. सिंधूच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्यांनी दोन सरळ बांबूंना बांधली. गाठ नीट बसेना, तशी सुदर्शननं ती आवळून दिली.

"ह्या दोघांना कोयता लावायचा न्हाई," शेषेराव म्हणाले. "माझ्या टायमाला तोडायचे. आन लेका, तवा लातूरहून जरा येळंवर ये."