पत्ते म्हणतात

लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत पत्तेवाल्या मॅडम बसतात. खालच्या इस्त्रीची वाफ जमिनीच्या फळ्यांमधून वर येते आणि गिऱ्हाइकांना त्यात काहीतरी दैवी दिसतं. दिसू दे बापड्यांना. मॅडम आधी एका मोठ्या दुकानात, माल परत घेण्याच्या काउंटरवर होत्या. उसवलेला कोट, चावणारा बूट, पहिल्याच दिवशी बंद पडलेला मिक्सर घेऊन लोक तावातावाने यायचे आणि मॅडम थंडपणे सांगायच्या, "मी नाही म्हणत, नियम म्हणतो." नियमाशी माणूस किती भांडणार? गुमान परत जायचा. नवरा आधीच वारला होता, पुढे दुकानही बंद पडलं, आणि पदरात शाळकरी मुलगी. मग मॅडमनी भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते आणले आणि नियमाच्या जागी त्यांना बसवलं. बाकी कामात काडीचा फरक पडला नाही.

तिथे गेल्यावर काय होतं म्हणता? दालचिनीच्या वासाची मेणबत्ती लागते. टेबलावर जांभळं मखमली कापड असतं. लॉन्ड्रीत टाकून कुणी परत न नेलेल्या पडद्याचा तो तुकडा. फोन बंद करायचा, डाव्या हाताने गठ्ठा कापायचा, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा. एवढे सोपस्कार झाले की माणूस आपणहून बोलायला लागतो. साहेब कसा छळतो, जाऊबाईंच्या पोटात कसं दुखतं, सगळं. मॅडम नुसती मान हलवतात. थोड्या वेळाने त्याचंच त्याला ऐकवतात आणि तो डोळे विस्फारून विचारतो, "तुम्हाला कसं हो कळलं?" अरे शहाण्या, आत्ता तूच नाही का सांगितलंस! पण नाही. चांगले शिकलेसवरलेले लोक तो जिना असे उतरतात, की जणू अक्कल वरूनच विकत घेतली.

गठ्ठ्यातले अशुभ पत्ते मॅडमनी केव्हाच काढून कपाटात टाकलेत. वीज पडून कोसळणाऱ्या बुरुजाचा पत्ता निघाला, की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. त्यापेक्षा कड्याच्या टोकावर गाठोडं घेऊन उभा असलेला पोरगा बरा. तो निघाला की मॅडम हसून म्हणतात, "निघा आता. वाट मोकळी आहे. मी नाही म्हणत, पत्ते म्हणतात." या पोरट्याच्या नादाने एकाने बरी चाललेली नोकरी सोडली, एकीने नवरा सोडला. आपटले ते आपटले. मॅडमना जाब विचारायला कुणी आलं नाही.

आता मुलगी मोठी झाली. वेल्डिंग शिकली आणि दूरच्या बंदरात, जहाजं बांधण्याच्या कारखान्यात तिला नोकरी लागली. जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बघू." पुन्हा विषय काढला तर भांडी घासायला उठल्या. सोमवारी उत्तर कळवायचं होतं. शेवटी शनिवारी दुपारी मुलगी जिन्यातल्या बाकावर गिऱ्हाइकांच्या रांगेत जाऊन बसली. एकाला बाहेर सोडताना मॅडमनी तिला पाहिलं, दार लावलं, कपाटातून बुरूज काढला आणि गठ्ठ्यात बरोब्बर हवा तिथे सरकवला.

"तू काय इथे?" नंबर लागून मुलगी आत आली, तेव्हा मॅडमनी विचारलं.

"घरी तू बोलत नाहीस. म्हणून नंबर लावला. जाऊ की नको, सांग."

आणि या माउलीने पोटच्या पोरीसमोर मेणबत्ती पेटवली! डोळे मिटायला लावले, श्वास घ्यायला लावला. पत्ता उलटला, बुरूजच निघाला.

"बघ," मॅडमनी सुस्कारा सोडला. "मी नाही हो म्हणत. पण पत्ते काही बरं म्हणत नाहीयेत."

मुलगी हसली. "आई, हा गठ्ठ्यात नसतो. ते कपाट मीच आवरते."

चोरी पकडली गेली की भुरटा चोरही ओशाळतो. मॅडम कापडाची सुरकुती नीट करत राहिल्या.

"पत्ते राहू दे," मुलगी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तुला काय वाटतं? तू थांब म्हणालीस तर थांबते मी. खरंच. इथेच काहीतरी बघेन. पण तू म्हण."

एक शब्द. मॅडमच्या जिभेवर तो आला होता, कारण पोरगी गेल्यावर संध्याकाळी घराचं कुलूप कशाला उघडायचं, हेच त्यांना कळत नव्हतं. पण उद्या ती म्हणाली, की तुझ्यामुळे माझं नुकसान झालं, तर? मध्ये ना नियम, ना पत्ते. जगाला बिनदिक्कत घर सोडायला लावणारी ही बाई स्वतःच्या लेकीला थांब म्हणायला घाबरली. त्यांचा हात गठ्ठ्यावर गेला.

"अजून एक काढून बघ ना," त्या म्हणाल्या.

मुलगी उठली, खुर्ची आत सारली.

"नको. जाते मी," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

पुढच्या नंबराची बाई आत आली. चांगली वयस्कर, जाडजूड पर्सवाली. पलीकडच्या गल्लीत मोठं घर घ्यावं का, एवढंच तिला विचारायचं होतं. ती फोन बंद करत होती, तेवढ्यात मॅडम एकदम बोलल्या.

"जाऊ नकोस गं. थांब ना इथेच."

बाई बुचकळ्यात पडली. "अहो मॅडम," ती म्हणाली, "मी अजून पत्ता कुठे काढलाय?"