ह्यांच्यासाठी आलेला फोन

फोनवरच्या माणसानं विचारलं, "काका आहेत का घरी?" आणि मी म्हणाले, "आहेत की. जरा बाहेर गेलेत, येतील एवढ्यात."

कुणी म्हणेल, बाईचं डोकं फिरलं. माझ्या मुलीनं तर तसं म्हटलंच. पण पहिल्यापासून सांगते, मग काय ते ठरवा.

आमच्या ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. शिरूरच्या आमच्या कबरस्तानात त्यांना मूठमाती दिली, पण त्यांचा फोन काही मी बंद होऊ दिला नाही. दर महिन्याला रिचार्ज मारायचे. मुलगी म्हणायची, "मम्मी, कशाला फुकट पैसे घालतेस?" मी म्हणायचे, "तू पिझ्झा मागवतेस तेव्हा मी विचारते का?" फोन शोकेसमध्ये त्यांच्या चष्म्याशेजारी असायचा. रविवारी चर्चमधून आले की चार्जिंगला लावायचा, एवढंच त्याचं काम उरलं होतं.

हे रांजणगावच्या कंपनीतून रिटायर झाले तेव्हा हातात आलेले सगळे पैसे त्यांनी दौंडच्या एका सहकारी बँकेत ठेवले. दौंड त्यांचं गाव. वडील रेल्वेत होते, त्यांचं खातं त्या बँकेत, म्हणून ह्यांचंही तिथंच. मी म्हणाले होते, "शिरूरात काय बँकांचा दुष्काळ पडलाय?" तर म्हणे, "तिथला मॅनेजर मला नावानं हाक मारतो." ओळखीपाळखीवर ह्यांचा फार जीव. खातं दोघांचं, वर ह्यांचं नाव, खाली माझं. ठेवीच्या व्याजातून घरभाडं जायचं, आणि ह्यांच्या मागंही ते तसंच जात राहिलं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. लग्न होऊन आले ती याच घरात. पडवीच्या खांबाला ह्यांनी ठोकलेला एक खिळा आहे. फर्स्ट शिफ्टला निघताना डबा त्या खिळ्याला अडकवायचे, बूट घालायचे, आणि निम्म्या वेळा डबा तिथंच. मग मी डबा घेऊन कंपनीच्या बसमागं पळायचे आणि सगळी गल्ली हसायची. किती शिव्या घातल्या असतील मी त्या विसरभोळेपणाला. आता वाटतं, देवा, एकदा, फक्त एकदा विसरू देत त्यांना डबा.

तर ती बँक बुडाली. आधी पैसे काढायला बंदी आली, मग परवानाच रद्द झाला. व्याज थांबलं, भाडं थकलं. घरमालक शेजारीच राहतात, शेवंती आणि झेंडू करतात, सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते. एक दिवस ते पडवीत येऊन टेकले. म्हणाले, "वैनी, तुमच्याकडं तगादा लावाया मला बी बरं वाटत न्हाई. पर पोरगं म्हनतंय, कंपनीच्या पोरान्ला खोल्या दिल्या तर दुप्पट येत्यात. दिवाळीपत्तूर बघा काय व्हतंय."

मुलगी सणसवाडीला असते. ती म्हणाली, "माझ्याकडं चल." तिचं घर चांगलं आहे, जावई देवमाणूस. पण तिथं तो खिळा नाही, पडवी नाही, ह्यांचं काहीच नाही. ठेव सुटली तर मी शिरूरात, नाही सुटली तर सणसवाडीला मुलीच्या हॉलमध्ये. सगळं त्यावर येऊन ठेपलं होतं.

ठेव पाच लाखांच्या आतली असेल तर विम्यातून परत मिळते, अर्ज ऑनलाइन करायचा, असं मुलीनं शोधून काढलं. आमची आतच होती. मग घोडं अडलं कुठं? तर आधी दौंडला जाऊन सांगायला हवं होतं की पहिला खातेदार वारला. मी बँकेला कधी कळवलंच नव्हतं. मृत्यूचा दाखला कपाटात साड्यांखाली होता. गल्लीला माहीत होतं, चर्चला माहीत होतं, एकट्या बँकेला माहीत नव्हतं. जगात एकच जागा उरली होती जिथं हे अजून जिवंत होते, आणि तीच नेमकी बुडाली. मी आज जाते, उद्या जाते, करत राहिले. कधी गुडघा दुखायचा, कधी एसटी नसायची.

अशात एका सकाळी शोकेसमध्ये फोन वाजला. मी मेथी निवडत होते, ती तशीच टाकून धावले.

"बँकेच्या क्लेम विभागातून बोलतोय. काका आहेत का घरी?"

आहेत की, म्हणून गेले मी. मग तो म्हणाला, "तब्येत बरी ना काकांची?" गोड बोलत होता मेला. मी म्हणाले, "बरी आहे. चहात साखर कमी केलीय, पण चोरून खातात." वर्षभर कुणी ह्यांच्याबद्दल असं विचारलं नव्हतं. सगळे फार फार तर माझ्याबद्दल विचारायचे, आणि तेही मान एका बाजूला करून. मला फोन ठेववेना.

"काकू, काकांच्या मोबाइलवर लिंक पाठवलीय. ती दाबा, ओटीपी येईल तो मला सांगा. पैसे आजच्या आज जमा."

फोन टुणकन वाजला. मी चष्मा लावला. लिंकमध्ये बँकेचं नावही होतं. तरी म्हणाले, "हे आले की विचारून सांगते."

"अहो, काकांशी सकाळीच बोलणं झालंय माझं. तेच म्हणाले, मी बाहेर आहे, काकूंकडून नंबर घ्या."

मी खाली बसले. या हातांनी माती लोटली होती मी, मला माहीत नव्हतं का? पण खरं सांगते, क्षणभर पटलं. वाटलं, असतील कुठंतरी. फोन केला असेल.

"सकाळी?" मी विचारलं. "काय म्हणाले?"

"ओटीपी द्या म्हणाले."

"अजून काय म्हणाले? खोकत होते का?"

"काकू, वेळ संपतोय, नंबर सांगा."

"आवाज कसा वाटला हो त्यांचा?"

त्यानं पुन्हा नंबरच मागितला. मी म्हणाले, "परत बोलणं झालं तर सांगा, डबा घरीच राहिलाय."

फोन त्यानंच ठेवला.

मी मेथीच्या जुड्यांत बसून पोटभर रडले. रडून झाल्यावर तिडीक गेली डोक्यात. अरे, चोरी करायचीय तर कर, पण माझं मेलेलं माणूस कशाला मध्ये घालतोस? लिंक न दाबता मुलीला फोन केला. तिनं आधी मला झापलं, मग त्या नंबरची तक्रार नोंदवली, मग तीच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी चौफुल्याला एसटी बदलून दौंड गाठलं. शटर अर्धं वर, आत एकच टेबल चालू. तिथल्या बाईंनी दाखला पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "पहिलं नाव काढते हं, मावशी." मी म्हणाले, "काढा." मग त्यांनी माझा मोबाइल नंबर लिहून घेतला आणि बजावलं, "आम्ही फोन करत नाही, लिंक पाठवत नाही. या नोटिशीवर वेबसाइटचा पत्ता आहे, तोच स्वतःच्या हातानं टाका. आणि ओटीपी देवालाही सांगू नका." मी मान हलवली. बाहेर येऊन स्टँडवर चहा घेतला, तोंडाला चवच नव्हती.

घरी मुलगी शेजारी बसली, पण फोन मी हातातून सोडला नाही. नोटिशीवरून एकेक अक्षर टाकलं. दाखला, आधार, दुसऱ्या बँकेचं खातं, सगळं चढवलं. ओटीपी आला तो तळहातानं झाकून भरला. मुलगी हसली, "अगं, मी आहे." मी म्हणाले, "तू पण बघायचं नाहीस."

पैसे यायला वेळ लागला, पण दिवाळीच्या आधी आले. आबांचं थकलेलं भाडं चुकतं केलं आणि पुढचंही थोडं हातावर ठेवलं. आबा म्हणाले, "ऱ्हावा वैनी. पोराला मी सांगतो." मी राहिले. खिळ्याला आता माझी बाजाराची पिशवी असते.

ह्यांच्या फोनचा रिचार्ज अजून चालू आहे. मुलगी आता त्यावरून बोलत नाही, कधी कधी तीच मारून टाकते. अधूनमधून त्यावर अनोळखी नंबर येतो. उचलायचा नाही, हे मला पाठ झालंय, आणि मी उचलत नाही. पण कटही करत नाही. गॅस बारीक करते, आणि वाजून वाजून थांबेपर्यंत शोकेसपाशी उभी राहते. कुणी का असेना, ह्यांना विचारत असतं.