मान हलवू नका

उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली तेव्हा मी बायकोला सांगितलंच नाही. अठरा वर्षं झाली, नागझिऱ्यात गाईड आहे मी. उघड्या जिप्सीत पुढच्या सीटवर बसायचं, पर्यटकांना जनावरं दाखवायची, हे माझं काम. जूनमध्ये जंगल बंद व्हायला आठवडा उरला असताना दुर्बीण हातातून सुटली आणि मागे बसलेल्या एका बाईंच्या पायावर पडली. मग काय लपवणार? डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली असेल, एमआरआय केल्याशिवाय काही सांगता येत नाही. मी विचारलं, "ऑक्टोबरात गेट उघडते साहेब, तोवर होईन ना मी बरा?" ते म्हणाले, आधी फोटो आणा.

गोंदियाला पहिल्या बसनं गेलो. दहाची वेळ दिली होती, नंबर लागला अडीचला. कोणी काही सांगेल तर शपथ! विचारलं की एकच उत्तर, "बैठो भैया, बुलाते हैं." दुखऱ्या मानेच्या माणसाला साडेचार तास लोखंडी बाकावर बसवायचं आणि मग मान तपासायची, वा रे वा.

मग एक फॉर्म. छातीत मशीन बसवली आहे का, हाडात रॉड आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का. नाही, नाही, नाही. आत मोठं लोहचुंबक असतं म्हणून बेल्ट, चाव्या, मोबाइल, सगळं बाहेर. शेवटी टेक्निशियन बाईंची नजर माझ्या उजव्या हातातल्या कड्यावर गेली. कचारगडच्या जत्रेत घेतलेलं कडं, किती वर्षांत निघालं नव्हतं. "ये भी निकालना पड़ेगा." साबण लावून ओढलं, कातडं सोललं. बधिर बोटांना ते कळलंही नाही, याचाच जास्त राग आला.

आतली खोली गारठलेली. फळीवर उताणं झोपवलं, कानांवर हेडफोन चढवले, तोंडावर जाळीचा पिंजरा बसवला आणि डाव्या हातात रबरी फुगा दिला. घाबरलात तर दाबा म्हणाल्या. "दुखेगा कुछ नहीं. आवाज बहुत आएगी. बस गर्दन मत हिलाना, आधा घंटा."

मला हसूच आलं. हलू नका, आवाज करू नका, हे मी रोज लोकांना सांगतो. मला काय शिकवता!

फळी बोगद्यात सरकली. नाकासमोर वीतभर जागा. आधी ठक ठक ठक, मग जरा थांबून घर्र, मग कोणी डोक्याजवळ पत्रा ठोकून राहिल्यासारखं. आणि नवा आवाज सुरू झाला की माझी मान वळायची. मी वळवत नव्हतो हो, ती आपोआप जायची. जंगलात डावीकडून चितळ ओरडलं की माझी मान आधी तिकडे जाते, विचार मागून येतो. अठरा वर्षं त्याच मानेवर घर चाललं.

"भैया, हिल रहे हो."

"नाही हललो!"

"फोटो में दिख रहा है. फिर से करते हैं."

पुन्हा सुरू. पुन्हा आवाज बदलला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "समझे ना अब?" आणि मी गाढवासारखी मान डोलावली, हव म्हणून. फळी बाहेर आली. बाहेर लोक वाट पाहत होते. म्हणाल्या, गुरुवारी या.

परतीच्या बसमध्ये मी मशीनला, बाईला, त्या लोखंडी बाकाला शिव्या घालत आलो. घरी बायकोसमोर पुन्हा तेच पुराण. "आवाज बदलून राहते म्हणून कोणी सांगलंच नाही मले! मी काय करू?"

तिनं ताट वाढलं आणि सरळ विचारलं, "काऊन जी, फोटो येऊच द्याचा नाही का तुमाले?"

मी ताट सरकवलं आणि उठलो. इतका राग मला त्या मशीनचाही आला नव्हता. कारण तिचं खरं होतं. भीती वाटत होती मला. फोटो नाही तोवर ऑक्टोबर माझा होता.

गुरुवारी ती सोबत आली. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढून रुमालात बांधल्या आणि बाहेर बसलेल्या एका आजीकडे सांभाळायला दिल्या. बाईंना म्हणाली, "मी आत बसतो यांच्याजवळ." बाईंनी फॉर्ममधले प्रश्न तिलाही विचारले, कानांत कापूस दिला आणि स्टूल दिलं. मशीन सुरू झाली. तिनं माझ्या पायाचा अंगठा धरून ठेवला होता. आवाज बदलला की दाबायची. काही नाही, पडून राहा, एवढाच त्याचा अर्थ. पत्रा ठोकला, दाबला. घर्र झालं, दाबला. मान जागची हलली नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. "एकदम साफ आला. छान पडून राहिलात." मग पेन्सिलीचं टोक ठेवून दाखवलं, मणक्यातली गादी इथे सरकली, इथे नस दबली. गोळ्या, पट्टा, नाही जमलं तर ऑपरेशन. खड्ड्यांचे धक्के आता बिलकूल नको.

"म्हणजे जिप्सी?" मी विचारलं. "ऑक्टोबरात?"

डॉक्टरांनी मान हलवली. नाही म्हणून.

शेजारी बसलेल्या बायकोनं टेबलाखालून आपल्या पायानं माझ्या पायाचा अंगठा दाबला. मी पाय काढून घेतला.